तिवऱ्याचा नत्राचा हिशेब

छत्तीसगडच्या मैदानात, विशेषतः रायपूर आणि त्याच्या आसपासच्या जिल्ह्यांत, धानाच्या बांध्यांतून एक पीक असे घेतले जाते की त्यासाठी नांगर धरावा लागत नाही, पाणी द्यावे लागत नाही आणि बहुधा खताची गोणीही उघडावी लागत नाही. धान निसवून दाणा भरत आला, बांधीतले पाणी ओसरून चिखल तेवढा उरला, की कापणीच्या सुमारे तीन आठवडे आधी उभ्या धानातच तिवऱ्याचे बी फेकतात. विळा लागतो तेव्हा रोपे बोटभर वर आलेली असतात. त्यांतली काही कापणाऱ्यांच्या पायाखाली जातात. उरलेली मागे राहिलेल्या ओलीवर वाढू लागतात. या पद्धतीला उतेरा म्हणतात. तिवरा म्हणजे विदर्भातील लाख किंवा लाखोळी. भंडारा, गोंदिया, गडचिरोली या धानाच्या मुलखातही ती अशीच उभ्या पिकात फेकली जाते. कन्हार आणि डोरसा या नावांनी छत्तीसगडात ओळखल्या जाणाऱ्या भारी जमिनी ओल दीर्घकाळ धरून ठेवतात. त्यामुळे पावसाळा सरल्यावर जवळजवळ कोरड्या हवेतही हे पीक फाल्गुनापर्यंत तग धरते.

ओलीचा प्रश्न असा जमिनीने सोडवला. नत्राचा प्रश्न मात्र रोपाला स्वतःच सोडवावा लागतो. धानाने चार महिने त्या बांधीतील नत्र शोषून घेतलेले असते आणि तिवऱ्याच्या वाट्याला येते ती उष्टी जमीन. द्विदल पिकांच्या मुळांवर गाठी असतात, त्या गाठींतील जीवाणू हवेतील नत्र धरतात आणि रोपाला देतात, हे शाळेतील पाठ्यपुस्तकामुळे आज पुष्कळांना ठाऊक आहे. पण या उत्तराने अर्धेच समाधान होते. जमिनीत नत्र पुरेसे असेल तर हेच रोप गाठी धरण्याचे टाळते. नसेल तर धरते. आणि धरताना ठराविक मर्यादेपलीकडे जात नाही. जमिनीत काय शिल्लक आहे हे त्याला कळते कसे, आणि गाठी पुरेशा झाल्या हे ठरवते कोण? गेल्या चाळीस वर्षांत या प्रश्नांची जी उत्तरे मिळाली, ती वनस्पतिशास्त्रातील अत्यंत विस्मयजनक उत्तरांपैकी आहेत. कडधान्यावर युरिया टाकावा की टाकू नये, हा शेतकऱ्याच्या खिशाचा प्रश्नही त्यांच्याशीच बांधलेला आहे.

प्रथम रोप इतके काटकसरीने का वागते ते पाहिले पाहिजे. हवेत शेकडा ७८ भाग नत्रवायू आहे. परंतु त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना असे घट्ट धरून असतात की ते सोडवणे हे मोठे कष्टाचे काम आहे. खताच्या कारखान्यात तेच काम करण्यासाठी ४०० ते ५०० अंश सेल्सियस उष्णता आणि वातावरणाच्या सुमारे दीडशे-दोनशे पट दाब लागतो. मुळावरच्या गाठीत ते मातीच्या साध्या तपमानात घडते. तथापि फुकट मात्र घडत नाही. नत्रवायूचा एक रेणू फोडून त्याचा अमोनिया करण्यास, सर्व काही सुरळीत चालले तरी, एटीपी या शक्तिवाहक द्रव्याचे निदान १६ रेणू खर्ची पडतात. ही शक्ती पानांनी उन्हात तयार केलेल्या साखरेतून येते. जीवाणूंचे पोषण आणि गाठींची बांधणी यांचा खर्च धरला तर एक ग्रॅम नत्रामागे कित्येक ग्रॅम कार्बन द्यावा लागतो. हीच साखर अन्यथा पानांना, फुलांना, शेंगांना मिळाली असती. तेव्हा जमिनीत तयार नायट्रेट मिळत असता गाठींचा संसार मांडणे म्हणजे घरात धान्य असताना बाजारातून महागाईने आणण्यासारखे आहे. रोप तसे करीत नाही.

रोपाचे हे वागणे प्रथम हेरमान हेलरीगेल आणि त्याचा सहकारी विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांच्या लक्षात आले. त्यांनी धुऊन घेतलेल्या वाळूत ओट आणि वाटाणा वाढवला. ओटचे रोप जितके नायट्रेट मिळेल तितकेच वाढले. वाटाण्याचे तसे नव्हते. नायट्रेटशिवाय तो काही दिवस पिवळा पडून खंगत असे. पण शेतातील मातीचे धुवण त्या वाळूत घातले, की मुळांवर गाठी येऊन तो पुन्हा हिरवा होई. हे निष्कर्ष त्यांनी १८८६ साली बर्लिन येथे मांडले, आणि १८८८ मध्ये हॉलंडमधील बायरिंक याने गाठींतला जीवाणू वेगळा काढून दाखवला. मधला तो पिवळेपणाचा काळ शास्त्रज्ञांनी पुढे फारसा मनावर घेतला नाही. वस्तुतः सारे रहस्य त्यातच होते: आधी भूक, मग गाठ.

आता पुन्हा उतेऱ्याच्या बांधीकडे वळू. पाण्याखालच्या चिखलात प्राणवायू नसतो. तेथे नत्र मुख्यतः अमोनियमच्या रूपाने असते आणि नायट्रेट झालेच तर त्याचा नत्रवायू होऊन ते हवेत निघून जाते. पाणी ओसरले, जमिनीला बारीक भेगा पडल्या, हवा आत शिरली, की मातीतील दुसरे जीवाणू उरल्यासुरल्या अमोनियमचे हळूहळू नायट्रेट करू लागतात. म्हणजे तिवऱ्याचे पहिले मूळ उतरते ते नायट्रेटचा तुटवडा असलेल्या चिखलात. त्याच्या दृष्टीने हा तुटवडा म्हणजे गाठी धरण्यास मिळालेली अनुज्ञाच होय.

भुकेले मूळ काही फ्लेव्होनॉइड द्रव्ये मातीत सोडते. ती ओळखणारा जीवाणू जवळ येतो आणि साखरेच्या चार-पाच कड्यांना मेदाचा तुकडा जोडलेले आपले उत्तर पाठवतो. कुलूप आणि किल्ली जुळावी तसे हे उत्तर जुळले, तरच पुढचा व्यवहार होतो. तिवऱ्याचा जोडीदार तोच, जो वाटाणा आणि मसूर यांच्याशी संबंध ठेवतो. हरभऱ्याचा वेगळा आणि सोयाबीनचा त्याहून वेगळा. दुकानातून आणलेले जीवाणूखताचे पाकीट कोणत्या पिकाचे आहे हे वाचून घ्यावे, असे जे सांगतात त्याचे कारण हेच. उत्तर जुळले की मुळावरील केसाचे टोक वळते, त्याच्या वळणात सापडलेले जीवाणू एका सूक्ष्म नळीतून आत शिरतात, आणि आतील पेशी विभागू लागून गाठ आकार घेते. ती पक्व झाली म्हणजे तिच्यात लेगहिमोग्लोबिन हे रक्तातील हिमोग्लोबिनाच्या जातीचे तांबडे प्रथिन भरते. नत्र धरणाऱ्या विकराला मोकळा प्राणवायू बाधतो, पण जीवाणूला श्वसनासाठी तो हवा असतो. ही अडचण हे प्रथिन प्राणवायू मोजून मापून पुरवून सोडवते. चालू गाठ कापली असता आतून गुलाबी दिसते ती यामुळे.

गाठ धरणे आणि फुटवे सोडून मुळाचा पसारा वाढवणे हे नत्र मिळवण्याचे दोन मार्ग आहेत, आणि एकाच साखरेवर दोघांचाही हक्क आहे. त्यांच्यात निवड कशी होते, हे लसूणघासाच्या कुळातील मेडिकागो या लहानशा वनस्पतीवर पाहण्यात आले. नत्राची टंचाई होताच मुळात सेप नावाच्या आखूड प्रथिनतुकड्यांची निर्मिती वाढते. हा तुकडा ओळखणारे जे ग्राहक प्रथिन आहे ते बिघडलेल्या रोपांत बाजूच्या मुळ्या भरमसाट फुटतात आणि गाठी मात्र तुरळक येतात, असे २०१४ साली आढळले. उलट सेपची मात्रा कृत्रिमपणे वाढवली तर मुळ्या आखडतात आणि गाठी वाढतात. म्हणजे भुकेची खबर एकच, पण तिच्यामुळे एका हाताने मुळ्यांना आवर घातला जातो आणि दुसऱ्या हाताने गाठींना मोकळीक मिळते. इतर पिकांच्या बाबतीत टंचाईत मूळ लांब धावते असे आपण ऐकतो. जोडीदार मिळण्याची आशा असलेल्या द्विदल रोपाची नीती निराळी आहे.

भूक लागल्याची खबर झाली. पोट भरल्याची खबर कशी पोचते? येथे दोन जुने प्रयोग सांगितलेच पाहिजेत. १९८४ साली सोयाबीनच्या एकाच रोपाची मुळे दोन भागांत विभागून दोन वेगळ्या कुंड्यांत वाढवण्यात आली. एका कुंडीत जीवाणू आधी घातले, दुसरीत काही दिवसांनी. पहिल्या बाजूला गाठी आल्या आणि दुसऱ्या बाजूला जीवाणू असूनही गाठी धरणे दबून गेले. दोन्ही कुंड्यांतल्या मातीचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता. तेव्हा निरोप गेला असेल तर तो रोपाच्या अंगातूनच गेला असला पाहिजे.

दुसरा प्रयोग ऑस्ट्रेलियातील. कॅरोल, मॅकनील आणि ग्रेसहॉफ हे नायट्रेट भरपूर असतानाही गाठी धरील असे सोयाबीन शोधत होते. ब्रॅग नावाच्या वाणाच्या बियांत बदल घडवून आणून त्यांनी असंख्य रोपे तपासली आणि १९८५ मध्ये अशी रोपे मिळाल्याचे जाहीर केले. पण ही रोपे नायट्रेटला जुमानत नव्हती इतकेच नव्हे, नायट्रेट नसतानाही त्यांच्या मुळांवर गाठींचे घोसच्या घोस येत. एक शोधायला गेले आणि दोन सापडले: नायट्रेटची दखल घेणारी यंत्रणा आणि गाठींची संख्या आवरणारी यंत्रणा यांचा एक खिळा सामाईक होता. तो खिळा कोठे आहे हे पाहण्यासाठी त्यांनी कलम बांधले. आंब्याचे कलम आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे, त्यातलाच हा प्रकार. या अनावर रोपाचा शेंडा साध्या रोपाच्या मुळावर बांधला तर त्या साध्या मुळावरही गाठींचे घोस आले. साधा शेंडा अनावर रोपाच्या मुळावर बांधला तर गाठी बेताच्याच आल्या. गाठी मुळावर येतात, पण किती याव्यात याचा निर्णय वर, शेंड्यात होतो!

हा निर्णय कसा होतो त्याचा धागा पुढे सापडत गेला. जीवाणू आत शिरताच मुळात क्ले नावाचे तुकडे बनतात; हे सेपहून निराळे असतात. १३ ॲमिनो आम्लांची ही माळ, तिच्यावर साखरेची कलाकुसर झालेली, पाण्याबरोबर चढून पानापर्यंत जाते. पानात तिची वाट पाहणारे ग्राहक प्रथिन २००२ साली जपान आणि डेन्मार्क येथील संशोधकांनी जपानी लोटस या वनस्पतीत ओळखले. पुढल्या वर्षी ऑस्ट्रेलियन संशोधकांना सोयाबीनमध्ये तेच मिळाले, आणि त्या अनावर रोपांत नेमके तेच मोडलेले होते. मग पानाकडून खाली काय येते? २०१८ साली असे दिसले, की पाने एरवी आरएनएचा एक अतिसूक्ष्म तुकडा सतत मुळाकडे पाठवीत असतात. गाठींना अटकाव करणाऱ्या एका प्रथिनाची निर्मिती तो तुकडा मुळात रोखून धरतो. जोवर हा तुकडा येत आहे तोवर मुळाला मुभा आहे. क्लेची वर्दी पानात पोचली की तुकड्याचा पुरवठा आटतो, अटकाव करणारे प्रथिन साचते आणि नव्या गाठी थांबतात. भुकेची खबर देणारे सेपही याच तुकड्यावर काम करते, फक्त उलट दिशेने. ते त्याचा पुरवठा वाढवते. दोन विरुद्ध अर्ज एकाच मेजावर येतात आणि त्यावर एकच शेरा पडतो, अशी ही व्यवस्था आहे.

पानाकडेच हा अधिकार का असावा? मुळाचे प्रत्येक टोक आपल्यापुढची माती तेवढी जाणते. साखर किती बनते आणि वाढीला नत्र किती लागणार, हा सगळा ताळेबंद पानापाशी असतो. शिवाय अधिक गाठी म्हणजे अधिक पीक ही समजूतही या प्रयोगांनी खोटी पाडली. घोसांनी गाठी आलेली ती सोयाबीनची रोपे खुरटी राहत, त्यांची मुळे आखूड असत आणि दाणाही साध्या वाणाहून बहुधा कमीच मिळे. गाठींनीच सारी साखर खाऊन टाकली, दुसरे काय?

आता बाहेरून नायट्रेट आले तर काय होते ते पाहू. मुळाच्या पेशीत नायट्रेट शिरले की एनएलपी नावाची प्रथिने पेशीच्या केंद्रकात जाऊन बसतात आणि तेथून दोन कामे करतात: गाठ घडवणाऱ्या जनुकांचे काम मंद करतात आणि क्लेच्या जातीचे निरोप वाढवतात. म्हणजे गाठी पुरेशा झाल्या असता जी आज्ञा निघते, तीच एकही गाठ नसताना निघते. आधीच तयार झालेल्या गाठींचे काय होते, हे बरेच दिवस अंधारात होते. २०२४ साली डेन्मार्कमधील ऑरहूस विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या संशोधनात एक अनपेक्षित दुवा हाती आला, तो म्हणजे जस्त. नायट्रेट कमी असते तेव्हा गाठीच्या पेशींत जस्त पुरेसे असते आणि फन नावाचे एक नियामक प्रथिन लांब धाग्यांच्या रूपाने निष्क्रिय पडून राहते. नायट्रेट वाढले की जस्त घटते, धागे सुटतात, आणि मोकळे झालेले हे प्रथिन गाठीचा कारभार गुंडाळण्याचा हुकूम देते. गुलाबी गाठ हिरवट होते, मग करडी, मग पोकळ.

ही सर्व माहिती घेऊन शेतावर आले म्हणजे युरियाच्या गोणीकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. महानदीच्या कालव्यांखाली आणि विहिरींवर धानानंतर हरभरा घेणारे पुष्कळ शेतकरी पीक किंचित फिके दिसताच युरिया फेकतात. मातीत युरियाचा अमोनिया होतो, अमोनियाचे नायट्रेट होते, आणि पीक आठ-दहा दिवसांत गर्द हिरवे दिसते. शेतकरी समाधानाने म्हणतो, खत लागू पडले. प्रत्यक्षात त्याने पिकाला अधिक नत्र दिलेले नसते. हवेतून येणाऱ्या नत्राऐवजी विकतचे नत्र दिलेले असते. पानाने हिशेब पाहून गाठींचा पुरवठा तोडलेला असतो. जो फिकेपणा पाहून तो घाबरला, तो बहुधा हेलरीगेलच्या वाटाण्यालाही आलेला भुकेचा काळ असतो, आणि तो तीन-चार आठवड्यांत आपोआप सरतो.

तथापि याच्या टोकाला जाऊन कडधान्याला नत्र मुळीच नको असे म्हणणेही बरोबर नाही. गाठी कामाला लागेपर्यंत रोपाला बियातल्या शिदोरीवर आणि मातीतल्या उरल्यासुरल्या नत्रावर जगावे लागते. फारच निकस जमिनीत ही शिदोरी अपुरी पडते, आणि पाने लहान राहिली तर गाठींना द्यायला साखरही बनत नाही. म्हणून कृषिशास्त्रज्ञ हरभऱ्यासारख्या पिकाला पेरणीच्या वेळी हेक्टरी २० किलोच्या आसपास नत्र सुचवतात. हा हप्ता लहान असतो, पेरणीबरोबरच द्यायचा असतो, आणि तो संपेपर्यंत गाठी तयार होतात. याहून पुष्कळदा उणीव असते ती नत्राची नसून स्फुरदाची. एटीपीत स्फुरद आहे. त्याच्यावाचून गाठीचे यंत्र चालत नाही.

गाठी काम करीत आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी रोप उपटून नव्हे, खुरप्याने मातीच्या ढेकळासकट काढावे. उपटले तर गाठी मातीतच राहतात आणि गाठीच नाहीत असा भ्रम होतो. ढेकूळ पाण्यात भिजवून हलकेच धुवावे आणि नखाने एकदोन गाठी चिराव्यात. आतून गुलाबी असतील तर युरिया घरातच ठेवावा. पांढऱ्या असतील तर जीवाणू शिरले, पण कामाचे नव्हेत, किंवा अजून वेळ आहे. गाठीच नसतील आणि पाने पिवळी असतील तर योग्य जोडीदाराची वाण आहे असे समजून पुढच्या वर्षी बियाला जीवाणूखत चोळावे. पाने गर्द हिरवी आणि गाठी नाहीत, अशी स्थिती असेल तर जमिनीत आधीच्या पिकाचे नत्र शिल्लक आहे. तेथे पैसा खर्चण्याचे कारणच नाही.

तिवऱ्याविषयी बोलताना त्याच्या दुर्लौकिकाकडे डोळेझाक करता येणार नाही. त्याच्या दाण्यात ओडॅप नावाचे एक ॲमिनो आम्ल असते, तेही नत्राचेच अपत्य. दुष्काळात महिनोन्महिने जवळजवळ हीच डाळ खाऊन राहिलेल्या गरिबांचे पाय त्यामुळे कायमचे लुळे पडल्याचा इतिहास मध्य भारतात आहे, आणि १९६१ साली हिच्या विक्रीवर देशात बंदी आली. कागदावर बंदी असूनही उतेऱ्याच्या बांध्यांत ती पेरली जातच राहिली. दुसरे कोणते पीक त्या चिखलात, त्या ओलीवर आणि त्या खर्चात येत होते? १९८७ मध्ये रायपूर येथे स्थापन झालेल्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने ओडॅप अत्यल्प असलेले ‘प्रतीक’ आणि ‘महातिवरा’ हे वाण काढले. बंदीपेक्षा हा मार्ग अधिक शहाणपणाचा होता.

आणखी एक समजूत तपासून घेतली पाहिजे. कडधान्य घेतले की जमीन आपोआप सुपीक होते असे सरसकट सांगितले जाते. शेंगा भरू लागल्या की रोप गाठींचा पुरवठा आखडते, पानांतील आणि मुळांतील नत्र काढून दाण्यात ओतते, आणि तो दाणा खळ्यावरून घरी किंवा बाजारात जातो. भुसा गुरांना जातो. बांधीत उरतात ती मुळे, झडलेली पाने आणि कुजत चाललेल्या गाठी. हा उरलेला वाटा लहान असला तरी त्याला मोल आहे. मात्र तो किती असेल हे गाठींनी हंगामभर किती काम केले यावर ठरते. युरियावर वाढलेले पीक दाण्यातून जमिनीचेच नत्र उचलून नेते. गाठींवर वाढलेले पीक निदान हवेतून आणलेले नेते.

माघ-फाल्गुनात तिवऱ्याचे वेल पिवळे पडू लागतात. त्या वेळी गाठी चिरून पाहिल्या तर त्या गुलाबी राहिलेल्या नसतात. कन्हार जमीनही तोवर भेगाळलेली असते. त्या भेगांतून सुकलेली मुळे चैत्र-वैशाखभर पडून असतात, आणि मृगाचा पहिला पाऊस पडून चिखल झाला की कुजून धानाच्या नव्या मुळांच्या वाट्याला येतात.